पट्टीतली वजाबाकी

अण्णांच्या पत्र्याच्या ट्रंकेत तारेत ओवलेल्या पट्ट्यांचा एक गठ्ठा सापडला. मुंबईच्या दलालाकडून आंब्याचा हिशेब ज्या कागदावर येतो, ती पट्टी. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या वाडीतली माणसं एकमेकांची तब्येत विचारायच्या आधी ‘पट्टी आली का’ हे विचारत. 1987 सालची एक पट्टी मी बराच वेळ हातात धरून बसलो. क्रॉफर्ड मार्केटातल्या पेढीची. वीस पेट्या, पाच डझनी, त्यातल्या तीन ‘डागी’. वर एक ठसठशीत आकडा आणि त्याखाली त्याला कुरतडत जाणारी उतरंड: मोटारभाडं, हमाली, वाराई, तोलाई, दलाली शेकडा आठ, टपालखर्च, धर्मादाय. तोलाईच्या पुढे अण्णांनी पेन्सिलीने लिहिलंय, ‘आंबा मोजतात की तोलतात?’ हापूस तेव्हा डझनावर विकला जायचा, पेटी तराजूवर चढायचीच नाही. न केलेल्या कामाची मजुरी कापून घेतली होती, आणि अण्णांच्या हाती पेन्सिलीपलीकडे काही नव्हतं.

गेल्या मे महिन्यात पुतण्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. “काका, हे बघा.” 2020 च्या टाळेबंदीत वाशीचा बाजार कधी चालू तर कधी बंद होता. तेव्हा मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट आंबा पाठवायला जे बागायतदार शिकले, त्यांतला तो एक. नंतर एका मोठ्या साइटवर त्याने दुकान मांडलं. पडद्यावर त्याची पट्टी होती. वर विक्रीचा आकडा, खाली कमिशन, ठरावीक फी, कुरिअर, पैसे वसुलीची फी, या सगळ्यांवर 18 टक्के जीएसटी आणि शेवटी जाहिरात. आधल्या हंगामात हजारामागे कमिशनपोटी 140 रुपये जात, यंदा 190. दरवाढीचा मेल आला तो ऐन एप्रिलात, झाडावर आंबे उतरवायची घळ फिरत असताना. मेलमध्ये त्याचं कारण ‘सेवा अधिक चांगली करण्यासाठी’ असं दिलं होतं. म्हणजे तोलाईच.

दलाली काय, अडत काय किंवा साइटचं कमिशन काय, ते केलेल्या कामाचं मोल असतं असं आपण धरून चालतो. सुरुवातीला ते तसं असतंही. ऑनलाइन लिलावाचा मूळपुरुष म्हणजे ईबे. पियर ओमिड्यार नावाच्या तरुणाने 1995 मध्ये ती साइट हौसेखातर चालू केली, आणि तिथे पहिली विकली गेलेली वस्तू एक मोडका लेसर पॉइंटर होता, 14 डॉलर 83 सेंटला. गर्दी वाढली, इंटरनेटवाल्याने महिन्याचं बिल 250 डॉलर केलं, म्हणून त्याने विक्रेत्यांकडून थोडे पैसे घ्यायला सुरुवात केली. तिथवर ते कामाचं मोल होतं. पण बाजार एकदा भरला की कमिशनाचा कामाशी असलेला धागा सुटतो. मग विक्रेत्याला उठून दुसरीकडे जाणं किती अवघड आहे, यावर दर ठरू लागतो.

आंब्याच्या बाबतीत हे उघड्या डोळ्यांनी दिसतं, कारण आंबा थांबत नाही. उतरवलेलं फळ दहा-बारा दिवसांचं धनी. भाव पडला म्हणून वाशीहून पेट्या परत आणाव्यात, तर येईपर्यंत निम्म्या मऊ. त्यात दलालाची उचल असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फवारणीला, राखणीला पैसे लागतात ते पेढीच देते, आणि ज्याची उचल त्याच्याकडे माल, हा अलिखित करार असतो. नव्या बाजारपेठाही आता विक्रेत्यांना कर्ज देतात आणि हप्ता विक्रीतूनच वळता करून घेतात. बागायतदाराला हे नव्याने समजावून सांगावं लागत नाही.

अडकलेल्या विक्रेत्याचं सर्वांत राजेशाही उदाहरणही आमच्या रत्नागिरीचंच आहे. ब्रह्मदेशचा थिबा राजा 1886 ते 1916 अशी तीस वर्षं इथे नजरकैदेत होता. तनखा पुरेना म्हणून तो जवळची रत्नं आणि दागिने विकत राहिला. घेणाऱ्याला एवढंच पुरे होतं की या माणसाला गाव सोडून जाता येत नाही. माणिक काही नासत नाही, पण धनीच बांधलेला असला की माणकाचाही आंबा होतो.

आता थोडं लिलावाबद्दल. मिरकरवाडा बंदरावर होड्या लागल्या की मासळीचा लिलाव बघण्यासारखा असतो. टोपली जमिनीवर, भोवती गिऱ्हाईकांचं कोंडाळं, बोली चढते, ज्याची शेवटची त्याची टोपली, आणि पुढची टोपली सरकते. मध्यस्थ तिथेही आहे आणि त्याचे पैसेही आहेत. पण कुणी किती बोली लावली ते तांडेलालाही ऐकू येतं. आंब्याच्या बाजारात वर्षानुवर्षं चाललं ते रुमालाखाली. दलाल आणि खरेदीदार यांनी कापडाखाली एकमेकांची बोटं दाबायची आणि भाव ठरवायचा. कायद्याला उघड लिलाव हवा होता, बाजाराला रुमाल सोयीचा होता. संगणकाने हा रुमाल उडवला अशी आपली समजूत झाली. भाव पडद्यावर सगळ्यांना दिसतो, ते खरं. झाकलेली गोष्ट मात्र बदलली आहे. माझ्या पुतण्याचं खोकं शोधणाऱ्याला कितव्या पानावर दिसणार, ते रुमालाखाली ठरतं. वर दिसायचं असेल तर जाहिरातीचे पैसे मोजा. अमेरिकेत सप्टेंबर 2023 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने 17 राज्यांसह ॲमेझॉनवर दावा लावला, त्यातला एक आरोप असा की फी, जाहिरात आणि गोदामखर्च मिळून विक्रेत्याच्या उत्पन्नातला जवळजवळ निम्मा वाटा निघून जातो. आरोप कोर्टात टिकेल तेव्हा टिकेल. पण निम्मं हा शब्द कोकणात कुळकायद्याच्या आधी खंडाच्या संदर्भात कानावर पडायचा.

विक्रेते गप्प बसलेत असंही नाही. 2008 च्या जानेवारीत ईबेने वस्तू मांडण्याची फी थोडी उतरवली, विक्रीनंतरची चढवली आणि वर विक्रेत्याने गिऱ्हाइकाबद्दल वाईट शेरा देण्याची सोयच काढून घेतली. फेब्रुवारीत विक्रेत्यांनी आठवडाभर बहिष्कार घातला. बाजार चालूच राहिला. 2022 च्या एप्रिलमध्ये हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या एट्सीने कमिशन 5 टक्क्यांवरून साडेसहावर नेलं. हजारो कारागिरांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली. साडेसहा ते साडेसहाच राहिलं. आपल्याकडचा ऑनलाइन लिलावाचा नामवंत बाजार म्हणजे मुंबईत 2000 साली निघालेला बाझी डॉट कॉम. 2004 मध्ये तो ईबेने घेतला, 2017 मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेली आणि ऑगस्ट 2018 मध्ये बंद झाली. वर्षानुवर्षं जमवलेली गिऱ्हाइकांची शाबासकी आणि तारे विक्रेत्यांना दुसऱ्या दारात नेता आले नाहीत. पेढी बुडाली तर निदान दलालाच्या घरी जाऊन बसता यायचं.

फी कुणी भरायची हा वाद आपल्याकडे फार रंगतो. डिसेंबर 2014 मध्ये तत्कालीन पणन संचालक सुभाष माने यांनी आदेश काढला की अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. व्यापाऱ्यांनी बाजार बंद पाडले आणि सरकारने काही दिवसांतच आदेशाला स्थगिती दिली. जुलै 2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या सक्तीतून मोकळा झाला आणि अडत खरेदीदाराच्या माथी गेली. तेव्हा मीही खूश झालो होतो. अण्णा हयात असते तर म्हणाले असते, गिऱ्हाईक आपल्या खिशात हात घालण्याआधी भावात घालतं. झालंही तसंच. अडत भरायची आहे हे ठाऊक असलेला खरेदीदार बोली तेवढी खाली लावतो. शिवाय, अडत गेली तरी दुसऱ्या नावाने कापणी होतेच, ही बागायतदारांची तक्रार आजही ऐकू येते. गंमत म्हणजे हाच खेळ ईबेने ब्रिटनमध्ये केला. ऑक्टोबर 2024 मध्ये घरगुती विक्रेत्यांची फी माफ, आणि फेब्रुवारी 2025 पासून खरेदीदारावर ‘संरक्षण शुल्क’. तिथल्या विक्रेत्यांना लंडनच्या जुन्या लिलावघरांचा इतिहास आठवायला हवा होता. क्रिस्टीज आणि सदबीज यांनी खरेदीदारावर अधिभार लावायला सुरुवात केली ती 1975 मध्ये, आणि 1990 च्या दशकात याच दोघांनी आपसांत संगनमत करून विक्रेत्याचं कमिशनही पक्कं करून टाकलं. सदबीजचे अध्यक्ष त्यापायी तुरुंगात गेले. पत्त्यांचा डाव तसाच, फक्त पान या हातातून त्या हातात.

याचा अर्थ दलाल परवडला असं मी म्हणतोय का? नाही. पुतण्याचा आंबा नागपूरला, बंगळुरूला जातो. तिथे अण्णांची पेटी कधी पोचली नसती. पैसे आठवड्यात खात्यावर येतात. अण्णांची शेवटची पट्टी पाऊस लागल्यावर यायची. कर्नाटकचा आंबा रत्नागिरी म्हणून खपवण्याचा उद्योग पेढ्यांवर राजरोस चालायचा. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काही उगाच नाही. पण दलालाच्या बाजूच्याही दोन गोष्टी पट्टीच्या मागे लिहायला हव्यात. खरेदीदार पळाला तर ते नुकसान पेढीचं असायचं, पट्टीप्रमाणे पैसे बागायतदाराला मिळत. साइटवर मात्र ‘फळ मऊ निघालं’ असा फोटो आला की खोक्याचे पैसे विक्रेत्याच्या खात्यातून वजा, फोटो कुणाच्या आंब्याचा ते कुणी पाहत नाही. दुसरं म्हणजे शेतमालाच्या अडतीवर जीएसटी नाही. पुतण्याच्या कमिशनवर आहे, आणि ताज्या आंब्यावर करच नसल्याने भरलेला कर त्याला कुठे वळता करून घेता येत नाही.

आणि तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार. बाजार समितीला आपण उठताबसता शिव्या घालतो, आणि तिने त्या कमावल्याही आहेत. पण ती जन्माला आली ती पट्टीतली वजाबाकी आवरण्यासाठी. वऱ्हाडात कारंज्याला 1886 मध्ये कापसाचा पहिला नियंत्रित बाजार झाला, 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. 1928 च्या शाही कृषी आयोगाने तोलाई, धर्मादाय, नमुन्यापोटी उचललेला माल, अशा कापण्यांकडे बोट दाखवलं. पुढे 1939 चा मुंबई कायदा, मग 1963 चा महाराष्ट्राचा. या सगळ्याचं सार असं की बाजारात काय कापायचं, किती आणि कोणाकडून, हे बाजाराच्या मालकाने एकट्याने ठरवायचं नाही. त्यासाठी दर लिहिलेला असला पाहिजे, आणि तो ठरवणाऱ्या मंडळात शेतकऱ्याची खुर्ची असली पाहिजे. ती खुर्ची बहुधा पुढाऱ्यांनी बळकावली, हे मान्य. पण बळकावायला खुर्ची तरी होती. पुतण्याचा दर ठरला त्या खोलीत त्याच्या वतीने कुणीच बसलेलं नव्हतं.

आपले 2020 चे ई-कॉमर्स नियम ग्राहक संरक्षण कायद्याखाली आले. त्यांची नजर मुख्यतः ग्राहकाकडे आहे, विक्रेत्याकडे ती जाताजाता वळते. युरोपात त्याच वर्षीच्या जुलैपासून एक नियम लागू आहे की बाजारपेठेने अटी बदलण्याआधी विक्रेत्याला किमान 15 दिवसांची सूचना द्यायची. त्यांच्या कपड्यांना आणि चपलांना 15 दिवस पुरत असतील. आमचा अख्खा हंगाम साठ-सत्तर दिवसांचा. मला दर कमी करून मागायचा नाही, मला तो आधी हवा आहे. मोहोर धरला त्या दिवशी जो दर, तोच शेवटचा आंबा उतरेपर्यंत. डिसेंबरात दर कळला तर हंगामाच्या आधी माणूस ठरवू शकतो की यंदा वाशी, की कॅनिंग, की हातखंब्याच्या नाक्यावर टोपली घेऊन बसायचं. एप्रिलात कळला तर काहीच ठरवता येत नाही. दरवाढ एप्रिलातच का येते, याचं उत्तरही त्यातच आहे.

दुसरं मागणं गिऱ्हाइकाचं. साइटवरून पुतण्याने शेकडो घरांत आंबा पोचवला, आणि त्यातल्या एकाही घराचा फोन नंबर त्याच्याकडे नाही. साइट तो दाखवत नाही. खोक्यात स्वतःचा नंबर घालणं नियमाविरुद्ध आहे, असा एक इशाराही त्याला येऊन गेला. दलालही हेच करायचा. अण्णांचा मार्का होता, पत्र्याच्या स्टेन्सिलवरून काळ्या शाईने पेटीच्या फळीवर उठवलेला, तीन अक्षरं आणि गावाचं नाव. पेढीवर पेटी उतरली की त्यावर पेढीचं रंगीत लेबल चिकटायचं, नेमकं मार्क्यावर. एकदा दादरला एका ओळखीच्या घरी अण्णांनी आपलीच पेटी पाहिली होती आणि लेबलाचा कोपरा नखाने उचकटून खात्री करून घेतली होती. घरच्यांना ते सांगितलं की नाही, ते मात्र त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

परवा पुतण्या पडवीत खोकी भरत होता. तळाला भाताचं तण, मग आंबे, वर जुन्या वर्तमानपत्राचा कागद. प्रत्येक कागदाच्या समासात तो बॉलपेनने बारीक काहीतरी लिहीत होता. मी वाकून पाहिलं. दहा आकडे होते. “रद्दीवर कुणी काय लिहिलंय, त्याला मी काय करणार, काका?” असं म्हणून त्याने पुढचं खोकं ओढलं.