वर्षअखेरचा हिशेब आणि कमाईची वाढ

महाराष्ट्रातल्या लहान व्यावसायिकाचे वर्ष दोनदा संपते. आश्विन अमावास्येला लक्ष्मीपूजनात वह्यांची पूजा होते आणि पाडव्याला नवी वही उघडते. दुसरे वर्ष 31 मार्चला मिटते. पहिला हिशेब रिवाजाचा, दुसरा कराचा. कमाई का वाढत नाही, हे शोधण्यासाठी वही वाचायचे मात्र दोन्ही वेळा राहून जाते. कमाई वाढवायची म्हणजे विक्री वाढवायची, ही समजूत पक्की असल्यामुळे नवी शाखा, नवा माल, दुकानाची वाढीव वेळ यांचाच विचार आधी होतो. प्रत्यक्षात वाढीच्या जागा बहुतेकदा सरत्या वर्षाच्या खतावणीतच दडलेल्या असतात.

पहिला प्रश्न मालकाच्या मजुरीचा. समजा, एका किराणा दुकानात नवरा-बायको दोघे राबतात. वर्षाची विक्री 30 लाख, त्यावर 15 टक्के ढोबळ नफा, म्हणजे साडेचार लाख. भाडे, वीज, हमाली असा 1 लाख 20 हजारांचा खर्च वजा जाता 3 लाख 30 हजार उरतात आणि घर त्यावर चालते. पण या दोघांच्या जागी दरमहा 12,000 रुपयांवर दोन माणसे ठेवली, तर वर्षाला 2 लाख 88 हजार पगारात जातील. मालात अडकलेले 4 लाख ठेवीत असते, तर सात टक्क्यांनी 28,000 व्याज आले असते. तेही वजा केले की धंद्याचा खरा नफा उरतो 14,000. दोघे वर्षभर कमावत होते ती मुख्यतः स्वतःची मजुरी. हा आकडा समोर आल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय अंदाजावरच राहतो.

दुसरा प्रश्न मालाचा. कोणत्या वस्तूवर किती टक्के सुटतात, एवढे पाहून भागत नाही. तो माल वर्षातून किती वेळा फिरतो, हेही पाहावे लागते. शंभर रुपयांच्या साखरेवर पाचच रुपये सुटत असतील, पण ती वर्षात 24 वेळा नव्याने भरावी लागत असेल, तर तेच शंभर रुपये 120 रुपये मिळवून देतात. शंभरावर पंचवीस सुटणारी शोभेची वस्तू वर्षात दोनदाच संपत असेल, तर तिथे पन्नासच मिळतात. म्हणून वर्षअखेरची मालमोजणी फडताळाच्या तळापर्यंत झाली पाहिजे. सहा महिने न हललेला माल पडत्या भावात काढून पैसा मोकळा करणे हाही कमाईचाच मार्ग आहे.

तिसरा प्रश्न भावाचा. छापील किमतीच्या मालात भाव वाढवता येत नाही. पण शिंपी, खानावळ, पोळीभाजी केंद्र, दुरुस्तीचे दुकान यांचा भाव मालकाच्या हातात असतो. शंभर रुपयांच्या डब्याला साहित्य, गॅस आणि पोचवण्याचा खर्च मिळून 80 रुपये लागत असतील, तर दहा रुपयांची सूट निम्मा नफा खाते. तेवढाच नफा राखायला दुप्पट डबे करावे लागतात. उलट भाव पाच रुपयांनी वाढवला आणि शंभरातली वीस गिऱ्हाइके तुटली, तरी नफा तेवढाच राहतो आणि वीस डब्यांचे कष्ट वाचतात. गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने वर्षानुवर्षे जुना भाव चालवणारा माणूस महागाईचा भार स्वतःच्या अंगावर घेत असतो.

चौथा प्रश्न उधारीचा. वरच्याच किराणा दुकानात 3,000 रुपयांची उधारी बुडाली, तर 2,550 रुपयांचा माल गेला. तो भरून काढायला 17,000 रुपयांची नवी विक्री लागते. उधारी सरसकट बंद करणेही शहाणपणाचे नाही, कारण गल्लीतले दुकान त्या विश्वासावरच उभे असते. गिऱ्हाईकवार मर्यादा आणि वसुलीची ठरलेली तारीख हा त्यातला मधला मार्ग. मोठ्या कंपन्यांना माल बनवून देणाऱ्या किंवा सेवा पुरवणाऱ्या सूक्ष्म व लघु उद्योगांना 2006 च्या कायद्याचा आधार आहे. लेखी करार असला, तरी पैसे चुकते करण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि ती चुकली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. त्यासाठी उद्यम नोंदणी वेळेत करून ठेवलेली बरी.

शेवटचा प्रश्न वेळेचा. सकाळी सातला उघडून रात्री अकराला बंद होणाऱ्या दुकानाची कमाई तासांनी भागली, की मिळकतीचे खरे मोल कळते. शरीर आणि घर झिजवून आलेली वाढ टिकत नाही, म्हणून किती मिळवायचे आणि त्यासाठी किती राबायचे, हे दोन्ही एकाच वेळी ठरवायला हवे.

या पाच उत्तरांतून नव्या वर्षासाठी मोजके निर्णय निघतात: कोणता माल बंद करायचा, कोणता भाव बदलायचा, कोणाची उधारी आवरायची, मालकाने दरमहा स्वतःला किती पगार द्यायचा आणि दुकान किती तास उघडे ठेवायचे. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून दर तीन महिन्यांनी आकड्यांशी ताडून पाहावेत. त्यानंतर विक्री वाढवण्याचा विचार केला, तर वाढलेल्या प्रत्येक रुपयातला आपला वाटा किती, हे मालकाला आधीच ठाऊक असते.