सहा टन म्हणजे किती?

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात पाओली नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील लिक क्रीक या ओढ्यावर १८८० साली एक छोटा लोखंडी पूल बांधण्यात आला. ज्या रस्त्यावर तो उभा होता त्याचे नाव गॉस्पेल स्ट्रीट, म्हणजे आपल्या भाषेत शुभवर्तमान मार्ग. घोडागाड्यांच्या काळातला तो सांगाडा पुढे मोटारींचाही भार वाहत राहिला. २५ डिसेंबर २०१५ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला एक अजस्र मालट्रक त्यावर चढला आणि १३५ वर्षांचा पूल ट्रकसह कोसळला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

पुलापाशी फलक होता: कमाल भार ६ टन. ट्रकचे वजन सुमारे ३० टन. चालक स्त्रीने फलक पाहिला होता. परंतु सहा टन म्हणजे किती पौंड हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे तिने पोलिसांना सांगितले. तेथील टन २००० पौंडांचा; हिशेब शाळकरी मुलाचा आहे. ही हकिकत वाचून हसू येते. आम्हांलाही आले.

हसू ओसरल्यावर मात्र प्रश्न उरतो. अजाणतेपणी घडलेल्या कृत्याचा दोष कितपत धरावा? तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी अज्ञानात भेद केला. प्रयत्न करूनही जे दूर होत नाही, त्याचा दोष नाही. पण जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते ते न जाणणे हाच मुळी अपराध ठरतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हेच सांगितले: अटळ अज्ञानामुळे चुकलेल्या विवेकबुद्धीची प्रतिष्ठा जात नाही, सत्याची पर्वाच न करणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

आम्हांला या प्रकरणात वजनाच्या हिशेबापेक्षा दुसरीच गोष्ट अधिक बोलकी वाटते. बाई रस्ता चुकली होती आणि एवढे लांबलचक वाहन मागे घेण्याची तिला धास्ती वाटत होती. म्हणजे अज्ञान नंतरचे, मागे फिरण्याची भीती आधीची. न कळणे सोयीचे असेल तेव्हा कोण चौकशी करतो? आपल्या घरांतली लग्ने पाहा. हॉल ठरला, बँडला विसार दिला, पत्रिका वाटल्या. मग कर्ज किती झेपेल हे आपण मुद्दामच मोजत नाही.

अर्थात सारा दोष तिच्याच माथी मारणे अन्यायाचे होईल. तसला पूल त्रिकोणांत जोडलेल्या दांड्यांचा असतो. कोणी ताण सोसतो, कोणी दाब, आणि एक महत्त्वाचा दांडा तुटला की सगळेच खाली येते. तिच्या हाती ते चाक सोपविणाऱ्यांनी तिला मागे फिरणे पुरते शिकविले होते काय?

१५ जून २०२५ रोजी, रविवारी, पुणे जिल्ह्यात इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चौघांचा बळी गेला. तेथेही धोक्याचा फलक होता. माझ्या एकट्याच्या वजनाने काय होणार, असे ज्याला त्याला वाटले असेल, तर प्रत्येकाचे म्हणणे खरेच होते. त्या गर्दीतून वाचून परतलेल्या एखाद्याने पापनिवेदनाला बसल्यावर नेमके काय सांगावे, हे आम्हांला अजून उलगडलेले नाही.