जनुकांची खातेवाटणी

नव्या परिसरात शिरणाऱ्या जीवाला काही नवे सामर्थ्य लाभते आणि त्या बळावर तो आपली स्वतंत्र प्रजाती स्थापन करतो, असे उत्क्रांतीचे जे चित्र शालेय पुस्तकांपासून आपल्या मनावर ठसलेले आहे, ते यीस्टच्या बाबतीत मला अपुरे वाटते. या एकपेशीय कवकांचा जो इतिहास गेल्या काही दशकांत उलगडला, त्यात नव्या मिळकतीपेक्षा वाटणी आणि सोडचिठ्ठी यांनीच अधिक पाने व्यापलेली आहेत.

पावाच्या यीस्टच्या पूर्वजांत सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी सबंध जनुकसंच दुप्पट झाला होता, हे १९९७ साली डब्लिनच्या केनेथ वुल्फ आणि डेनिस शील्ड्स यांनी दाखवून दिले. जोड्यांतली बहुतेक जादा जनुके कालांतराने नाहीशी झाली. जी टिकली त्यांतल्या एका जोडीकडे जरा जवळून पाहावे. दुधाच्या शर्करेतून निघणारे गॅलॅक्टोज पचवायचे, तर ते आले आहे हे ओळखून पचनाची जनुके जागी करणे आणि त्याला फॉस्फेट जोडून पहिला टप्पा पार पाडणे, अशी दोन निराळी कामे पेशीला करावी लागतात. दुधाच्या पदार्थांत आढळणाऱ्या 'क्लुव्हेरोमायसीस लॅक्टिस'च्या पूर्वजांत ती दुपटी झाली नव्हती, म्हणून तिच्याकडे ही दोन्ही कामे 'गॅल-१' हे एकच प्रथिन पाहते. यातली अडचण अशी, की पहारेकरी थोडा का होईना, पण सदैव दारात हवा. कारकून मात्र काम नसताना पोसणे परवडत नाही, आणि काम आले की तो हजारपटीने हवा. एकाच जनुकाने हे दोन्ही हुकूम पाळायचे म्हटले, की दोन्हीकडे तडजोड आली. पावाच्या यीस्टमध्ये जनुकाची जोडी झाल्यावर ही खाती विभागली गेली. 'गॅल-३' पहाऱ्यावर राहिले आणि रासायनिक कामाची मुखत्यारी 'गॅल-१'कडे गेली. त्या पहारेकऱ्याने कारकुनीचे कसब गमावले ते किती अल्प फरकाने! प्रयोगशाळेत केवळ दोन अमिनो आम्ले त्याच्यात बसवताच ते कसब परत आले, ही गोष्ट वाचताना मला आजही विस्मय वाटतो.

वाटणीच्या पुढची पायरी सोडचिठ्ठीची. जपानात कुजक्या पानांत सापडलेल्या 'सॅकरोमायसीस कुद्रियावझेवी'मध्ये या कारभाराची सातही जनुके निकामी झालेली आहेत, हे ख्रिस हिटिंगर, अँटोनिस रोकास आणि शॉन कॅरल यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. कसर लागलेल्या जुन्या दप्तराचा रुमाल सोडावा आणि आतल्या कागदांवरची अक्षरे जागोजागी गळालेली दिसावीत, तरी खाते कोणते होते हे ओळखू यावे, तशी ही जनुके वाचता येतात. पुढे पोर्तुगालात ओकच्या सालीवर हीच प्रजाती आढळली, आणि तिथे मात्र सातही जनुके शाबूत!

न वापरलेली वस्तू गंजते, तसे हे झाले असेल, त्यात निवडीचा संबंध काय, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु वेगवेगळ्या रंगसूत्रांवर विखुरलेल्या सात जनुकांचा एक संच सगळाच्या सगळा शाबूत आणि दुसरा सगळाच्या सगळा मोडलेला, असे दोन पक्ष एकाच प्रजातीत अतिप्राचीन काळापासून टिकून राहावेत, हे नुसत्या गंजण्याने साधत नाही. अर्धवट खात्याचा खर्च होतो आणि काम निघत नाही. म्हणूनच सरमिसळ झालेली संतती मागे पडत गेली आणि ज्या त्या प्रदेशाने आपापला निवाडा कायम ठेवला, असे मी मानतो.

नवी प्रजाती उदयाला येताना पाहायची, तर कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यातील अरण्यांकडे वळावे लागते. तिथे हिमयुगाचे बर्फ हटल्यानंतर 'सॅकरोमायसीस पॅराडॉक्सस'चे दुरावलेले दोन वंश पुन्हा एकत्र आले आणि त्यांच्या संकरातून तिसरा वंश उभा राहिला. आज तो दोन्ही जन्मदात्यांशी सहजासहजी जुळत नाही. त्याचा जनुकसंच उलगडला, तर बहुतेक पाने एका घराण्याची निघतात आणि मधूनमधून, थोडीशीच, दुसऱ्याची.