प्रीतीने सर्वच करून पाहावे काय?

आपल्या मुलासाठी शक्य ते सर्व करावे, हे कोणत्याही आईबापांना शिकवावे लागत नाही. परंतु ‘शक्य ते सर्व’ याची सीमा कोणी ठरवावी? स्वमग्न मुलांच्या पालकांपुढे हा प्रश्न वारंवार उभा राहतो. जीवनसत्त्वे, मॅग्नेशियम, माशाच्या तेलाच्या गोळ्या यांची नावे सुचवणारे हितचिंतक सर्वत्र भेटतात. “निदान करून तर पाहा,” असे ते सद्भावनेनेच म्हणतात.

या शब्दांचे ओझे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू. १९४३ साली लिओ कॅनर यांनी या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे, आईच्या मायेत ओलावा नसल्यामुळे मूल असे होते, असे विद्वानही मानीत. १९६४ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी आपल्या ग्रंथात हा आरोप खोडून काढला. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. असंख्य मातांच्या माथ्यावरील कलंक पुसण्यास त्यांनी मोठा हातभार लावला.

याच रिमलँड यांनी पुढे ब-६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचा हिरिरीने पुरस्कार केला. मात्र २००५ साली कॉक्रेनच्या समीक्षेने उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा शिफारस करण्याजोगा पुरावा आढळला नाही. उलट, हे जीवनसत्त्व दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास मज्जातंतूंना इजा होऊ शकते. “करून पाहण्यात काय बिघडते?” या प्रश्नाचे हे एक उत्तर होय.

मग पालकांना गुण आलेला दिसतो, तो खोटा काय? १९९९ साली सिक्रेटिन या संप्रेरकाच्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ते पूरक अन्न नव्हे, तरी त्यातील बोध इथेही लागू पडतो. काही मुलांना औषध, तर काहींना केवळ मिठाचे पाणी टोचले गेले. सुधारणा दोन्ही गटांत दिसली. औषधाचा वेगळा लाभ दिसला नाही. निष्कर्ष कळल्यावरही ६९ टक्के पालकांना त्या औषधाची ओढ होतीच. त्यांना कोणी हसू नये. आशा ही सहजासहजी खाली ठेवता येणारी वस्तू नव्हे.

परंतु इथेच नैतिक प्रश्न उद्भवतो. पूर्वी आईला विचारीत, “तू माया केली नाहीस काय?” आज विचारतात, “तू ही गोळी दिली नाहीस काय?” जुना आरोपच नवे वस्त्र लेवून परत आला आहे. प्रीतीचे माप खर्चावरून व खटपटीवरून घेतले, तर गरीब आई नेहमीच अपराधी ठरेल.

पूरक पदार्थ सर्वस्वी त्याज्य आहेत, असे मुळीच नाही. कित्येक स्वमग्न मुले मोजकेच पदार्थ खातात. त्यांच्यात लोह वा जीवनसत्त्व कमी पडत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती उणीव अवश्य भरून काढावी. मात्र तो उणिवेवरील उपाय आहे, स्वमग्नतेवरील नव्हे. आपल्या देशातील नियमांनुसार अशा पूरकांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. ती वाचून थांबणारा पिता प्रीतीत उणा ठरत नाही. पारख करणे हेही प्रीतीचेच काम आहे.

आणि आपण, जे शेजारी आहोत? अशा घरी जाताना नव्या गोळीचे नाव नेण्याऐवजी एक मोकळा तास न्यावा, मुलापाशी बसावे आणि त्या आईला थोडी विश्रांती घेऊ द्यावी.