मालकालाच ‘नाही’ म्हणताना

फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात द्राक्ष निर्यातीची धांदल ऐन भरात असते. सकाळी बागेत तोडणी होते, क्रेट पॅकहाउसला येतात आणि लांब टेबलांपाशी उभ्या असलेल्या बाया एकेक घड देठाला धरून उचलतात. तडकलेला मणी, डागाळलेला मणी, बारीक राहिलेला मणी कात्रीने अलगद काढला जातो. पुढे वजन, पनेट म्हणजे छोट्या डब्यांत भरणी, प्री-कूलिंग, शीतगृह आणि कंटेनर. या साखळीत माल बाद ठरवण्याचा अधिकार गुणवत्ता तपासणाऱ्या कर्मचाऱ्याकडे असतो. खासगी निर्यातदाराकडे यात विशेष काही नाही. पण कंपनी शेतकऱ्यांचीच असेल, तर बाद झालेल्या मालाचा धनी हा कंपनीचाही धनी असतो. पगारी माणसाने मालकाला ‘हा माल चालणार नाही’ असे सांगायचे आणि मालकाने ते मानायचे. शेतकऱ्यांच्या कंपनीचे नेतृत्व आणि व्यवस्थापन खऱ्या अर्थाने इथेच कसाला लागते, असे माझे मत आहे. हा नकार देता यावा आणि पचवताही यावा, एवढी समज यायला आपल्याला शंभराहून अधिक वर्षे लागली.

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे उसळले. शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवण्याचा प्रश्न तेव्हापासून सरकारपुढे राहिला आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. गावातल्या पतसंस्थेत सभासदांची जबाबदारी अमर्यादित होती. एकाने कर्ज बुडवले तर ते सगळ्यांच्या अंगावर येई. साहजिकच कोणाला कर्ज द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरत असे ओळखीवर. कोणाची पत किती हे ज्याला ठाऊक आणि ज्याचा शब्द गाव मानते, तो पुढारी. गावापुरते हे चालून गेले. पण संस्था जशी गावाची वेस ओलांडून मोठी होऊ लागली, तशी ओळख अपुरी पडू लागली.

१९५० मध्ये प्रवरेच्या काठी लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांना जोडत होते आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्यांच्या सोबतीला होता. लोकांचा विश्वास आणि हिशेबाची शिस्त एकत्र आली की काय उभे राहते, याचा तो धडा होता. पुढे महाराष्ट्रभर कारखाने निघाले आणि ‘चेअरमन’ ही ग्रामीण भागातली मोठी ताकद बनली. पण उसाच्या व्यवहारात एक मेख आहे. उसाचे वजन ज्याचे त्याचे मोजले जाते, पण दर ठरतो कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर. मन लावून पिकवलेला ऊस आणि कसाबसा वाढलेला ऊस टनामागे एकच भाव घेतात. त्यामुळे सभासदाला गुणवत्तेवरून ‘नाही’ म्हणण्याची वेळ चेअरमनवर फारशी आलीच नाही. वाद झाले ते तोडणीच्या पाळीवरून, नोकरभरतीवरून, पॅनेलवरून. निवडणूक जिंकून आलेल्या माणसाला मतदार दुखावणे परवडतही नव्हते.

याच सुमारास गुजरातेत आणंदला निराळी घडी बसत होती. खेडा जिल्हा दूध संघाचे नेतृत्व त्रिभुवनदास पटेलांकडे होते आणि १९४९ मध्ये तिथे आलेल्या वर्गीस कुरियन यांच्या हाती कारभार गेला. धोरण शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनी ठरवायचे, व्यवस्थापन जाणकाराने करायचे. शिवाय प्रत्येकाच्या दुधाचे फॅट तपासून त्यावर पैसे. मापावर सर्वांचा विश्वास बसला की पुढाऱ्याच्या मेहेरबानीला जागाच उरत नाही. कामाची वाटणी आणि उघडे मोजमाप या दोन्ही गोष्टी आणंदने एकत्र आणल्या. आपल्याकडे पहिलीची चर्चा पुष्कळ झाली. माझ्या मते दुसरीचे महत्त्व अधिक आहे.

पुढे योगिंदर अलघ समितीच्या शिफारशींवरून कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००३ पासून शेतकरी उत्पादक कंपनीला कायद्याचे रूप मिळाले. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. संचालक किमान पाच. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमणे बंधनकारक आणि तो सभासदांपैकी नसावा. जो सभासद कंपनीशी व्यवहार करतो त्यालाच मतदानाचा हक्क, अशी तरतूदही नियमावलीत करता येते. ‘मालक कोण आणि कारभारी कोण’ याचे उत्तर आता कायद्यानेच दिले होते. पण कलमे लिहून वृत्ती बदलत नाही. त्यासाठी नाशिकला एक जबर फटका सोसावा लागला.

२०१० च्या हंगामात युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरण्यासाठी बागायतदार हे संजीवक सर्रास वापरत. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतेच. कंटेनर अडकले, सौदे मोडले, बागायतदार आणि निर्यातदार कर्जात रुतले. या संकटाने एक गोष्ट लख्ख दाखवून दिली. एका प्लॉटवरची फवारणी साऱ्या जिल्ह्याचे नाव घालवू शकते. १९०४ च्या पतसंस्थेतली अमर्यादित जबाबदारी जणू नव्या रूपात परत आली होती. फरक इतकाच की आता माणसाची ओळख उपयोगाची नव्हती. लागत होती ती प्लॉटची नोंद, फवारणीची वही आणि प्रयोगशाळेचा अहवाल.

त्याच काळात विलास शिंदे आणि त्यांच्या सहकारी शेतकऱ्यांची सह्याद्री फार्म्स ही कंपनी आकाराला आली. शिंदे कृषी अभियांत्रिकी शिकलेले आणि स्वतः शेती केलेले. तिचा प्रकल्प दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला आहे आणि ती आज देशातल्या आघाडीच्या द्राक्ष निर्यातदारांत मोजली जाते. एकेका प्लॉटपर्यंत माग काढता येईल अशी नोंद हा अशा निर्यातीचा कणा असतो. माल कोणाचा, हा प्रश्न तिथे मागे पडतो. अहवाल काय म्हणतो, हा प्रश्न पुढे येतो. मोठ्या बागायतदाराला आणि दीड एकरवाल्याला एकच मोजमाप लागले, तर माल बाद झालेला शेतकरी हळहळेल, पण अपमान झाल्यासारखे त्याला वाटणार नाही. उलट पुढच्या हंगामात विरळणी आणि फवारणी सुधारण्यासाठी तोच सल्ला मागेल.

२०२२ मध्ये सह्याद्रीच्या उपकंपनीत युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये गुंतवले. उत्पादक कंपनीचे शेअर बाहेरच्याला घेता येत नाहीत, म्हणून भांडवल उपकंपनीत आले. आता नकाराची दिशा बदलते. सभासदाला ‘नाही’ म्हणता आले. उद्या भांडवलाची गरज आणि सभासदाचे हित आमनेसामने आले, तर गुंतवणूकदारालाही ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. नेतृत्वाची पुढची परीक्षा ही आहे, आणि ती एकट्या सह्याद्रीची नाही.

२०२० पासून देशभर दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची केंद्राची योजना सुरू झाली. ठिकठिकाणी अशा कंपन्या निघत आहेत. अध्यक्ष कोण होणार यावर बैठकांमागून बैठका होतात आणि माल कोणत्या कसोटीवर बाद करायचा हे मात्र हंगाम तोंडावर येईतो कोणी ठरवत नाही. क्रम उलटा हवा. पहिल्याच सभेत कसोटी लिहावी, ती सर्वांना वाचून दाखवावी आणि संचालकांचा माल सर्वांत आधी त्या कसोटीला लावावा. त्यातला एखादा क्रेट बाद झाला आणि संचालकाने तो मुकाट्याने परत नेला, तर त्या कंपनीला नेतृत्व मिळाले असे खुशाल समजावे. मग अध्यक्ष कोणीही झाला तरी चालेल.