धुरा आणि दुआ

मृग कोरडा गेला की आमच्या भंडाऱ्याकडे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, पिवळे पडू लागतात आणि माणसांच्या माना वर जातात. ईदगाहावर इस्तिस्काची, म्हणजे पावसासाठीची नमाज होते. दोन रकात. मग इमाम अंगावरची चादर उलटी करून पांघरतो, कारण पैगंबरांनी तसं केलं होतं. चादर पालटली, तसे आमचे हालही पालट, एवढंच ते मागणं.

लहानपणी मला त्या चादरीचं कोडं पडायचं. पाऊस किती पडणार ते लिहून झालेलं आहे, असं आम्हाला शिकवलेलं. मग ही पालटायची कशाला?

एका वर्षी नमाज आटोपून अब्बा थेट बांधीवर आले. फावडं घेऊन धुऱ्यातली, म्हणजे शेताच्या बांधातली, खेकड्यांची बिळं शोधू लागले. खालच्या बांधीचा तरुण शेतकरी काठावर उभा होता. त्याने माझाच प्रश्न विचारला, "का जी चाचा, लिवलंच हाये तं मागता कायले?"

अब्बांनी बिळात चिखलाचा गोळा घातला, टाचेने दाबला, पुन्हा दाबला. मग म्हणाले, "पानी येनार हाये म्हनून धुरा बांधाचं सोडतं का गा कोनी?"

पुढे मी बरंच वाचलं. अब्बांच्या उत्तराच्या पुढे फारसा गेलो नाही.

*

ईमानाच्या सहा गोष्टींत तकदीर शेवटची आहे: भलं-बुरं सगळं अल्लाहच्या ठरवण्यातलं. आणि दिवसाच्या 17 फर्ज रकातींत 17 वेळा सरळ वाट मागायची, हाही त्याच धर्माचा हुकूम. ज्याने ठरवलं त्यानेच मागायला सांगितलं. मग मागणं हे ठरवलेल्याच्या विरुद्ध कसं असेल?

लौह-ए-महफूजवर, म्हणजे तकदिरीच्या त्या पाटीवर, काय लिहिलंय ते कुणी वाचलेलं नाही. जे वाचता येत नाही, त्यावरून वागता येत नाही. हुकूम मात्र वाचता येतो.

या प्रश्नावरून मुसलमानांत पंथ पडले. जबरिया म्हणाले, माणूस वाऱ्यावरचं पीस आहे. कदरिया म्हणाले, माणूस आपल्या कृतीचा पुरता धनी आहे. एकाने माणसाची जबाबदारी काढून घेतली, दुसऱ्याने अल्लाहची सत्ता आखडती केली. बहुतेक उलेमा मधल्या वाटेने गेले. त्यांच्यातला वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटावा अशी माझी घाईही नाही. शेतकऱ्याला त्याच्या आधी रोवणी करायची असते.

1111 साली वारलेल्या इमाम गझालींनी मात्र हा गुंता ज्या दाखल्याने सोडवला, तो भंडाऱ्यात कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. बाण अडवायला ढाल हे जसं कारण, रोप उगवायला पाणी हे जसं कारण, तशी संकट टळायला दुआ हे कारण. फळ लिहिणाऱ्याने कारणही लिहिलं. बी पेरून पाणी न देणं याला तकदिरीवरचा भरवसा म्हणत नाहीत, असं ते बजावतात. धान लिहिलेलं असेल तर रोवणीही लिहिलेली आहे. त्या ओळीतला अर्धा शब्द पुसून उरलेला वाचायचा नसतो.

*

खलिफा हजरत उमर शामच्या, म्हणजे सीरियाच्या, सीमेवर सर्ग या ठिकाणी पोचले तेव्हा पुढे अमवासची प्लेगची साथ पसरली होती. इसवी सन 638 च्या आसपासची गोष्ट. त्यांनी परतायचं ठरवलं. त्यांचे सेनापती अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहच्या तकदिरीपासून पळता? उमर म्हणाले, हो, अल्लाहच्या एका तकदिरीतून त्याच्याच दुसऱ्या तकदिरीकडे. आणि दाखला दिला: दरीला दोन काठ आहेत, एक हिरवा, एक उजाड. उंट हिरव्यावर चारला तरी तकदीर, उजाडावर चारला तरी तकदीर. मग हिरवा का सोडावा?

2020 च्या रमजानात कोरोनामुळे मशिदी बंद होत्या, आम्ही घरात तरावीह पढत होतो, तेव्हा ही गोष्ट मला दर रात्री आठवायची. घरात थांबणं ही श्रद्धेची कमतरता आहे असं म्हणणारे तेव्हाही भेटले. ते अबू उबैदांचा प्रश्न विचारत होते. उमरचं उत्तर त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

*

आता जे लिहितो ते लिहिताना हात जड होतो.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. 17 बाळं होती. 10 गेली. सात वाचली.

त्या दिवसांत गावोगावी एक वाक्य ऐकू येत होतं: एवढंच आयुष्य घेऊन आली होती. एखाद्या आईने हे म्हटलं, तर तो सब्र आहे. त्यापुढे मान खाली घालावी. पण जे वीज, तारा, दारं आणि पहारा सांभाळायला नेमलेले असतात, त्यांच्या वतीने हेच वाक्य कुणी म्हणू लागलं, तर ते पाप आहे. शब्द तेच, बोलणारा बदलला की अर्थ फिरतो. तकदीर हा शब्द आपल्या दुःखासाठी आहे, आपल्या कसुरीसाठी नाही. आणि दुसऱ्याच्या दुःखाला तर तो आपण कधीच लावू नये.

वाचलेल्या सातांचं जगणंही लिहिलेलं होतंच. ते लिहिलेलं धुरातून बाहेर आणायला कुणाचे तरी हात लागले.

*

लिहिलेलं हातांनीच खरं करावं लागतं, याची एक जुनी खूण आमच्याच जिल्ह्यात आहे. आंबागडचा किल्ला, तुमसर तालुक्यात. 1700 च्या सुमारास तो राजाखान पठाणाने बांधला, देवगडच्या गोंड राजाच्या कारकिर्दीत. त्या राजाने इस्लाम स्वीकारला होता आणि औरंगजेबाने त्याला नाव दिलं होतं, बख्त बुलंद. बख्त म्हणजे नशीब. ज्याचं नशीब उंच तो. असं नाव मिरवणाऱ्याने निवांत बसायला हरकत नव्हती. तो बसला नाही. बारा खेडी जोडून त्याने नागपूर वसवलं, आपल्या मुलखात कष्टाळू शेतकरी आणि कारागीर आणून त्यांना जमिनी दिल्या. नाव बादशहाने दिलं. ते खरं करायला त्याला उभा जन्म लागला.

*

अम्मीच्या आजारपणात मी जे मागितलं ते मला मिळालं नाही.

मागितलेलं मिळत नाही तेव्हा माणूस दोन चुका करतो. एक तर म्हणतो, कुणी ऐकतच नाही. नाही तर म्हणतो, मागण्यात अर्थच नव्हता. हदीस सांगते की दुआ कबूल होत राहते, माणूस घाई करून "मागून पाहिलं, मिळालं नाही" म्हणत नाही तोवर. आणि तिचं फळ तीन तऱ्हांनी येतं: मागितलेलं मिळतं, किंवा तेवढंच एखादं संकट टळतं, किंवा ते आखिरतसाठी, म्हणजे मरणानंतरच्या जगासाठी, शिल्लक राहतं. यातलं टळलेलं संकट दिसत नाही. दिसलं नाही म्हणून मी बरीच वर्षं रुसून होतो.

कुणी पैगंबरांना विचारलं होतं की औषध आणि दुआ यांनी तकदीर टळते का. तीही तकदिरीतलीच आहेत, असं ते म्हणाले. म्हणून अम्मीच्या गोळ्या वेळेवर देणं आणि तिच्या उशाशी बसून मागणं, ही माझी दोन कामं होती. शेवट माझ्याकडे नव्हता. तो माझ्याकडे आहे असं समजून मी जे महिने होरपळलो, ते मात्र माझं अज्ञान होतं. तकदिरीवरचा विश्वास काम हलकं करत नाही. काम संपल्यावरचं ओझं हलकं करतो.

नेकीचंही असंच. नातं जोडणाऱ्याची रोजी वाढते, उमर लांबते, असं हदीस सांगते. हिशेबी मन लगेच विचारतं, उमर तर आधीच मोजलेली आहे ना? होय. आणि ते नातं जोडणंही मोजण्यात धरलेलं आहे. अगदी कयामत येऊन ठेपली आणि हातात रोप असलं, तरी ते लावून टाकायला सांगितलंय. त्या रोपाला फळ येणार नाही, हे सांगणाऱ्याला ठाऊक होतं.

रोवणीच्या दिवसांत हे फार जवळचं वाटतं. हातात पऱ्ह्यांची जुडी, पाय चिखलात, आणि आभाळाचं काही खरं नाही. रोवणाऱ्या बायका वर बघत नाहीत. वाकतात, तीन-चार काड्या चिखलात खोचतात, एक पाऊल मागे सरकतात.

*

त्या वर्षी पाऊस आला, उशिरा. रात्री अब्बा बॅटरी घेऊन बांधीवर गेले, मीही गेलो. बुजवलेली बिळं टिकली होती. पाणी चढत होतं, आणि खालची बांधी अजून उघडी पडलेली होती, कारण वरून पाणी उतरल्याशिवाय ती भरत नाही.

मदिनेच्या शेतांत पुराच्या पाण्यावरून तंटा झाला, तेव्हा पैगंबरांनी निवाडा दिला होता: वरच्याने घोट्यापर्यंत अडवावं, मग खालच्याला सोडावं. अब्बांना हदीस फारशा पाठ नव्हत्या. ही होती.

ते बांधीत उतरले, पाणी पायाने मोजलं. घोट्याला लागलं तसं फावडं घेऊन त्यांनी खालच्या धुऱ्याचं तोंड फोडलं.