हसलो खरं, पण कुणाला?

एखाद्या विनोदी मराठी सिनेमाचं किंवा स्टँडअप शोचं परीक्षण वाचा, यूट्यूबवर ऐका, नाहीतर रीलखालच्या कमेंट चाळा. मोजमाप बहुतेक वेळा एकच असतं: हसू आलं की नाही. पोट दुखेपर्यंत हसलो म्हटलं की साडेतीन स्टार, दोनदाच हसलो म्हटलं की दीड. ही कसोटी वाईट नाही. विनोदाचं काम हसवणं आहे आणि न हसवणाऱ्या विनोदाला थोर म्हणण्यात ढोंग आहे. पण या हिशोबात एक गोष्ट कायम सुटते. आपण हसलो, पण कुणाला हसलो?

हा प्रश्न लोह्यातून जास्त स्पष्ट दिसतो. नांदेडहून लातूरकडे जाताना लागणारं हे तालुक्याचं गाव. इथली पोरं दहावीनंतर नांदेडला किंवा लातूरला क्लाससाठी जातात, पुढे कुणी पुण्याला. घरी 'काय करायलास?' असं विचारलं की 'जेवायलो' असं उत्तर देणारं पोरगं पुण्याच्या हॉस्टेलवर हेच वाक्य बोलतं आणि खोलीत हशा पिकतो. कारण प्रमाण मराठीच्या कानाला 'जेवायला' म्हणजे 'जेवण्यासाठी'. 'जेवायलो' म्हणजे त्यांच्या लेखी काहीतरी मोडलेलं. खरं तर त्यात काहीच मोडलेलं नाही. 'करायलो, जायलो, बसायलो' हे चालू वर्तमानकाळाचं रूप मराठवाडाभर नियमाने वापरलं जातं, 'जातोय'इतकंच व्याकरणशुद्ध. पण हशा थांबत नाही. पाठोपाठ फर्माईश येते: 'ए, त्या रीलमधल्यासारखं बोलून दाखव ना.'

म्हणजे रीलमधला विनोद रीलमध्ये संपला नाही. तो खोलीपर्यंत आला आणि आता एका खऱ्या माणसाने स्वतःच्याच बोलण्याची नक्कल करून दाखवायची आहे. नाही म्हटलं तर 'याला जोक कळत नाही'. हो म्हटलं तर पुढची तीन वर्षं तेच. हळूहळू तो 'जेवतोय' म्हणायला शिकतो. पुढे सुट्टीला घरी आल्यावर आईशी फोनवरच्यासारखं जपून बोलतो. हे नुकसान कुठल्याही परीक्षणात येत नाही, कारण परीक्षण थिएटरमध्ये बसलेल्या माणसाच्या हसण्याचं होतं.

हसण्यावर विचार करणाऱ्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. सतराव्या शतकातल्या थॉमस हॉब्जच्या मते, दुसऱ्याच्या तुलनेत आपण वरचढ आहोत असं अचानक जाणवतं तेव्हा माणूस हसतो. 1900 साली हेन्री बर्गसनने हसण्यावर पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की हसायला काही क्षण मनातली कणव बाजूला ठेवावी लागते. दोघांचंही सगळं मान्य करायची गरज नाही. लहान मूल टाळ्या वाजवत हसतं तेव्हा ते कुणाला कमी लेखत नसतं. पण बोलीवरचा विनोद बघताना दोघंही आठवायला हवेत. आपण नेमकं कशामुळे वरचढ झालो? आणि कणव बाजूला ठेवली ती परत उचलली का?

यावर आपल्याकडे एक तयार उत्तर असतं: करणारा त्याच मातीतला असेल तर चालतं. दाखला म्हणून लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पुढे केलं जातं. दाखला जबरदस्त आहेच. मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा एक माणूस एकटा रंगमंचावर उभा राहतो, पन्नासहून जास्त पात्रं उभी करतो, आणि खेड्यातलं वऱ्हाड विमानात बसवतो. पुढे मराठवाड्यातल्याच संदीप पाठक यांनी हा प्रयोग केला. त्यात हसू येतं ते वऱ्हाडी मंडळी बावळट आहेत म्हणून नाही. त्यांचा मान, रुसवे, घाई, भीती हे सगळं आपल्याही घरच्या लग्नात असतं म्हणून येतं. लंडन हे फक्त लांबचं गाव ठरतं.

पण हे त्या नाटकाचं यश आहे, जन्मगावाचं नाही. आपल्याच गावची टिंगल शहराला विकणारा माणूस त्याच गावचा असू शकतो. व्ह्यूज त्यालाही हवे असतात. आणि बाहेरचा लेखक कान देऊन ऐकणारा असेल तर तो बोलीला न्याय देऊ शकतो. जन्मदाखला बघून विनोदाला पास-नापास करणं म्हणजे परीक्षण टाळणं.

दुसरी कसोटी जास्त कामाची वाटते. पात्राचं वाक्य मनातल्या मनात प्रमाण मराठीत करून बघायचं. विनोद उरला तर तो प्रसंगात होता, स्वभावात होता. काहीच उरलं नाही तर बोलणं हाच विनोद होता. तीही पूर्ण नाही. बोलीतला ठेका, कोटी, शिवीतला लाडिकपणा भाषांतरात मरतो, म्हणून तो वाईट ठरत नाही. म्हणून तिला एक जोड द्यावी लागते: ते पात्र असं काही बघतं का, जे गोष्टीतल्या बाकीच्यांना दिसत नाही? बघत असेल तर आपण त्याच्या डोळ्यांनी हसतो. नसेल तर तो फक्त बघण्याची वस्तू आहे.

2005चा 'कायद्याचं बोला' या कसोटीवर घासून बघा. चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शक, मकरंद अनासपुरे वकील; दोघंही मराठवाड्यातून आलेले. सिनेमा 1992च्या 'माय कझिन विनी' या अमेरिकन सिनेमावर बेतलेला. मूळ सिनेमात ब्रुकलिनचा शहरी वकील अलाबामातल्या गावाकडच्या कोर्टात उपरा ठरतो. मराठीत ही बाजू उलटते: हसू होतं ते गावरान बोलणाऱ्या वकिलाचं. हा बदल फार काही सांगून जातो. उपरा कोण वाटणार हे ठरवताना आपल्याकडे गावाच्या बोलण्याकडेच बोट गेलं. सिनेमा त्याला डोकं देतो, नजर देतो, आणि प्रेक्षक त्याच्या बाजूने होतो. कसोटीवर तो उतरतो. तरी एक सल राहतो. या वकिलाला मान मिळतो तो जिंकल्यावर. प्रमाण मराठी बोलणाऱ्या नायकाला नुसतं बोलण्यासाठी कधी खटला जिंकावा लागलेला नाही.

29 एप्रिल 2016ला आलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने ही अटच काढून टाकली. करमाळ्याकडची बोली तिथे कुणी समजावून सांगत नाही, तिच्याबद्दल माफी मागत नाही, तिच्याकडे गंमत म्हणून बघत नाही. त्या बोलीत प्रेम होतं, धमकी होते, संसार होतो. पण सिनेमा बाहेर पडल्यावर काय झालं? आर्चीचा मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगण्याचा तो संवाद टी-शर्टवर, स्टिकरवर गेला. सिनेमात तो एका दबंग मुलीचा इशारा होता. ज्यांनी ही बोली कधी जवळून ऐकली नव्हती, त्यांच्या तोंडी तो 'क्यूट' झाला. मंजुळ्यांनी जे काळजीपूर्वक टाळलं होतं, ते प्रेक्षकांनी स्वतः करून घेतलं.

म्हणजे सगळी जबाबदारी करणाऱ्यावर ढकलता येत नाही. शेअर करणारा, नक्कल करणारा, कमेंट टाकणारा प्रत्येकजण त्या विनोदाचा पुढचा प्रयोग लावत असतो. आणि प्रत्येक प्रयोगाला समोर कोण बसलंय ते बदलतं.

यावर आक्षेप येणारच: इतकं मोजून-मापून हसायचं तर हसायचं कशाला? सगळ्यांच्या भावना जपत बसलं तर विनोद मरेल. आक्षेप खरा आहे. कलाकृती बघायच्या आधीच 'आमची बदनामी' म्हणून मोर्चा काढणाऱ्यांनी विनोदाचं भलं केलेलं नाही. पण विनोद म्हणजे खालच्याला हसणं, हे गृहीतच चुकीचं आहे, आणि त्याचा पुरावा लोहा तालुक्यातच दरवर्षी उभा राहतो.

माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार लागतो आणि तमाशाचे फड उतरतात. तमाशातला सोंगाड्या अस्सल गावठी बोलतो, पण त्याच्या बोलण्याला कुणी हसत नाही. तो ज्याला बोलतो त्याला हसतात. 'गाढवाचं लग्न' हे वगनाट्य घ्या. दादू इंदुरीकरांनी अजरामर केलेला सावळ्या कुंभार, 2007च्या सिनेमात तोच मकरंद अनासपुरे यांनी केला. गाढवासाठी राजकन्येला मागणी घालायची वेळ एका कुंभारावर येते, आणि फजिती होते ती दरबाराच्या ऐटीची. समोरच्या गर्दीत गाढवं राखणारेही असतात आणि गावचे पुढारीही. दोघं हसतात, पण यात्रेतून घरी जाताना गाढव राखणारा काही गमावून जात नाही.

तेव्हा तीक्ष्ण विनोद करता येतो, उद्धट करता येतो, शिव्यांसकट करता येतो. फक्त त्याचा रोख कुणाकडे आहे ते सांगायचं काम परीक्षकाचं. आणि आज परीक्षक म्हणजे वर्तमानपत्रातला कुणी एक नाही; फोन हातात असलेला प्रत्येकजण आहे. परीक्षणात एक ओळ वाढवायला हवी, इतकीच मागणी आहे. 'खूप हसलो' याच्या पुढे: अमुक माणसाच्या अमुक गोष्टीला हसलो. ती ओळ लिहिताना काही अडलं नाही तर खुशाल पाच स्टार द्या. लिहिताना हात अडखळला, तर परीक्षण खरं तिथून सुरू होतं.

आणि हॉस्टेलवरच्या त्या पोराचं काय? त्याने चिडायलाच हवं असं नाही. त्याला वाटलं तर तो नक्कल करेल, स्वतःही हसेल. बोली त्याची आहे, हक्कही त्याचा. पण 'बोलून दाखव' म्हणणाऱ्याने एक करून बघावं. फर्माईश करण्याऐवजी साधं विचारावं, 'काय करायलास?' आणि उत्तर आलं की गप्पा पुढे न्याव्यात.